सायबर सुरक्षेचे शिक्षण : परवानगी कोणाला?

'सायबर सुरक्षा' हा विषय या नियतकालिकाच्या पानांवर परका वाटेल, याची मला कल्पना आहे. कविता, आत्मकथने, राखीव जागा, धर्मांतरानंतरचे प्रश्न यांवर आपण हिरीरीने बोलतो. संगणकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न मात्र बँकांचा, पोलिसांचा आणि पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचा, असे आपण धरून चालतो. मीही तसेच धरून चालत होतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली अठरा वर्षे संगणकशास्त्र शिकवतो. पुस्तकातले सांगायचे, परीक्षेला येईल तेवढे फळ्यावर लिहून द्यायचे आणि महिनाअखेर हजेरीपट भरायचा, एवढाच माझा त्या शास्त्राशी संबंध उरला होता. एका विद्यार्थ्यामुळे तो बदलला. त्याची हकीकत आधी सांगितली पाहिजे.

मुलगा ऊसतोड करणाऱ्या कुटुंबातला. दुसऱ्या वर्षाला होता. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची सोय नुकतीच झाली होती. स्वतःचा अर्ज उघडल्यावर वरच्या पत्त्याच्या पट्टीत शेवटी आपला अर्ज क्रमांक दिसतो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने शेवटचा आकडा एकाने कमी केला, तो काय, वर्गातल्या एका मुलीचा अर्ज समोर आला! तिचा जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, बँकेचा खाते क्रमांक, फोन, सगळे काही. आणखी एक आकडा बदलला, आणखी एकाचे दाखले. तो धावत माझ्याकडे आला. "सर, हे कोणालाही दिसतंय."

मी काय केले? मी त्याला कार्यालयाकडे रीतसर अर्ज करायला सांगितले. अठरा वर्षांच्या नोकरीत अंगी मुरलेले हे शहाणपण. त्याने पुराव्यादाखल दोन पानांच्या छापील प्रती जोडून अर्ज दिला. तिसऱ्या दिवशी त्यालाच बोलावणे आले. दोष कोणी ठेवला, हा प्रश्नच कोणी विचारला नाही. "दुसऱ्याची कागदपत्रे तू पाहिलीसच कशी?" हा प्रश्न होता. पोलिसांत देण्याची भाषा झाली, माफीनामा लिहून घेण्यात आला. परीक्षा देऊन तो गेला, तो पुढच्या वर्षी आला नाही. ते पान पुढे काही महिन्यांनी बंद झाले.

ज्या मुलीचा अर्ज उघडा पडला, ती गावात खोली भाड्याने घेऊन राहत होती. घरमालकाला तिने आडनाव सांगितले होते, जात सांगितली नव्हती. आडनावावरून जात कळू नये इतके ते सर्वसाधारण होते. ती मला म्हणाली, "सर, हे आणखी कोणी पाहिलं असेल का?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. संगणकशास्त्राच्या शिक्षकापाशी नव्हते!

या दोषात गूढ काही नाही. वसतिगृहाच्या फाटकावर रखवालदार ओळखपत्र पाहतो, पण आत गेल्यावर आपल्या खोलीच्या किल्लीने कोणाचीही खोली उघडते, अशी ही अवस्था. तू कोण, एवढे संगणक तपासतो. तू मागतोस तो कागद तुझा आहे काय, हे तपासत नाही. 'ओवॅस्प' नावाची एक आंतरराष्ट्रीय ना-नफा संस्था संकेतस्थळांमधल्या सर्वांत गंभीर दोषांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करते. २०२१ च्या यादीत याच जातीचे दोष पहिल्या क्रमांकावर होते. म्हणजे आमच्या महाविद्यालयाने काही जगावेगळे पाप केले होते असे नाही. आणि त्या पोराने जे शोधले, तेच शोधण्यासाठी मोठ्या कंपन्या माणसे पगारावर नेमतात.

आता खरा प्रश्न. ही विद्या शिकायची कोठे?

ती केवळ वाचून येत नाही. कुलूप कसे तुटते हे ज्याने हाताने तोडून पाहिलेले नाही, त्याला मजबूत कुलूप बनवता येत नाही. पण दुसऱ्याचे कुलूप तोडणे हा गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. आपल्याकडच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी आहे. तेच अप्रामाणिकपणे वा फसवणुकीच्या हेतूने केले, तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'अप्रामाणिकपणे' हा शब्द कायद्यात आहे, हे माझ्या विद्यार्थ्याला त्या दिवशी कोणी सांगितले नाही. मलाही तो तेव्हा ठाऊक नव्हता. तेव्हा या विद्येच्या मुळाशी परवानगीचा प्रश्न आहे. तोडून पाहण्याची मुभा असलेली जागा ज्याला मिळते, तो तज्ज्ञ होतो. ज्याला मिळत नाही, तो एक तर अडाणी राहतो किंवा आरोपी होतो. विद्यापीठे आणि उद्योग यांनी एकत्र येऊन गेल्या दोन-तीन दशकांत जे उभे केले आहे, ती ही मुभा असलेली जागाच होय. म्हणून या सहकार्याकडे आपण लक्ष दिले पाहिजे.

याचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो आणि तो मोठा बोलका आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक आज्ञावली इंटरनेटवर सोडली. ती एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत जाई. त्या वेळी सारे इंटरनेट म्हणजे साठेक हजार संगणकांचे. त्यांतले सुमारे सहा हजार ठप्प झाले असा अंदाज करण्यात आला. हाहाकार उडाला. कोणी कोणाला कळवायचे, याचीही व्यवस्था नव्हती. मग संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने पैसा दिला आणि पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात, त्याच वर्षाच्या अखेरीस, अशा आपत्तींना तोंड देणारे पहिले केंद्र सुरू झाले. 'सर्ट' हे त्याचे नाव. आपल्या सरकारने २००४ साली स्थापन केलेले 'सर्ट-इन' हे त्याच धर्तीवरचे.

मॉरिसचे काय झाले? त्याच्यावर खटला चालला, १९९० साली तो दोषी ठरला. तीन वर्षे देखरेखीखाली राहणे, ४०० तास समाजसेवा आणि सुमारे दहा हजार डॉलर दंड, एवढी शिक्षा झाली, तुरुंगवास नाही. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. त्याचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत मोठे शास्त्रज्ञ होते. त्याला कैद व्हायला हवी होती असे मी म्हणत नाही. तरुण बुद्धीला दुसरी संधी मिळाली, हे योग्यच झाले. पण सहा हजार संगणक बंद पाडणाऱ्याला प्राध्यापकपद मिळते आणि एक आकडा बदलून दोष दाखवणाऱ्याचे शिक्षण सुटते, या दोन गोष्टी एकाच शास्त्राच्या इतिहासातल्या आहेत. त्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

मुभा असलेल्या जागेचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे 'कॅप्चर द फ्लॅग' ही स्पर्धा. लास व्हेगासच्या 'डेफकॉन' संमेलनात ती १९९६ पासून भरते. आयोजक मुद्दाम दोष ठेवलेल्या आज्ञावल्या, सांकेतिक लिपीतले मजकूर, खराब केलेल्या फाइली मांडून ठेवतात. प्रत्येकीच्या पोटात अक्षरांची एक ओळ दडवलेली असते; तिलाच झेंडा म्हणायचे. ती शोधून लिहून दिली की गुण. विद्यापीठांनी हा खेळ शिक्षणात आणला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या पॉलिटेक्निक विद्यापीठात, जे आज न्यूयॉर्क विद्यापीठाचा भाग आहे, २००३ साली 'सीसॉ' नावाची छोटी स्पर्धा सुरू झाली. ती वाढत जाऊन अनेक देशांत पोचली. भारतातला तिचा भाग २०१६ पासून कानपूरच्या आयआयटीने भरवला. केरळातल्या अमृता विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी २०१० पासून 'इन-सीटीएफ' ही स्पर्धा चालवून एक पिढी तयार केली. तिथला 'बायोस' हा विद्यार्थ्यांचा संघ या क्षेत्रातल्या लोकांना चांगलाच माहीत आहे.

मला स्वतःला अधिक महत्त्वाचा वाटतो तो टेक्सासचा प्रयोग. सॅन अँटोनिओच्या विद्यापीठाने २००५ साली सुरू केलेल्या महाविद्यालयीन स्पर्धेत विद्यार्थ्यांनी हल्ला करायचा नसतोच. त्यांच्या हाती एका काल्पनिक कंपनीचे आधीच चालू असलेले, ढिसाळ ठेवलेले संगणकजाळे दिले जाते. ते सांभाळायचे, टपाल आणि संकेतस्थळ बंद पडू द्यायचे नाही. हल्ला करतात ते उद्योगातले मुरलेले लोक. त्यांना लाल तुकडी म्हणतात. तेवढ्यात वरिष्ठांचे खलिते येत राहतात : अमुक कर्मचाऱ्याचे खाते उघडा, तमुक अहवाल दोन तासांत द्या. म्हणजे खऱ्या नोकरीतली सगळी ओढाताण. यात कंपन्यांचा पैसा असतो, त्यांची माणसे असतात आणि स्पर्धा संपली की त्याच दालनात नोकरीच्या मुलाखती. विद्यापीठ जागा आणि विद्यार्थी देते, उद्योग अनुभव आणि यंत्रे देतो. सहकार्य म्हणतात ते हेच.

आपल्याकडे सरकारने २००५ साली माहिती सुरक्षा शिक्षण आणि जागृतीचा प्रकल्प सुरू केला. 'आयसीया' या आद्याक्षरांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचे पुढचे टप्पेही झाले. मोठ्या संस्थांना मार्गदर्शक केंद्रे करायचे आणि बाकीच्यांना सहभागी, अशी त्याची रचना. नॅसकॉमने २००८ साली डेटा सिक्युरिटी कौन्सिल काढली. तिने मायक्रोसॉफ्टबरोबर २०१८ साली अभियांत्रिकी पदवीधर मुलींसाठी 'सायबरशिक्षा' हा उपक्रम चालू केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पदवी व पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम दिला. कागद पुष्कळ आहेत.

पण तालुक्याच्या गावी काय पोचते? आमच्याकडे पोचते ती भित्तिपत्रके आणि महिन्याच्या पहिल्या बुधवारी साजरा करायचा सायबर जागरूकता दिवस. 'कोणालाही ओटीपी सांगू नका.' सांगू नये हे खरेच; फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, हेही प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावे. परंतु शहरातल्या मोठ्या संस्थेतल्या मुलाला विद्या द्यायची आणि आमच्या मुलांना सूचना, ही वाटणी मला अस्वस्थ करते. एक तज्ज्ञ होणार, दुसरा सावध गिऱ्हाईक. सावध राहण्याचा उपदेश आपल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या ऐकलेला आहे.

एका कंपनीने आणि एका विद्यापीठाने मिळून पुण्यात भरवलेल्या स्पर्धेला मी चार मुलांना घेऊन गेलो होतो. प्रवेश विनामूल्य होता, हे आयोजकांनी अभिमानाने छापले होते. रात्रीची एसटी, सकाळी स्थानकावर तोंड धुणे, चार जणांत एक लॅपटॉप आणि तोही मागून आणलेला. शेजारच्या टेबलावरच्या मुलांकडे प्रत्येकी एक यंत्र तर होतेच. त्यांचे एक माजी विद्यार्थी, आता कंपनीत असलेले, मागे उभे राहून धीर देत होते. प्रश्न समजून घ्यायलाच आमच्यांचा अर्धा तास गेला. प्रश्न कठीण होते म्हणून नव्हे. इंग्रजीतल्या थट्टेत आणि कोणत्या तरी परदेशी चित्रपटाच्या संदर्भात गुंडाळलेले होते म्हणून. तरी दोन झेंडे मिळाले. दुपारी कंपनीच्या बाईंनी आस्थेने विचारपूस केली. पहिला प्रश्न, "कोणत्या कॉलेजचे?" दुसरा प्रश्न त्यांना सुचला नाही. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या यादीत आमचे गावच नव्हते.

स्पर्धा गुणांवर चालते, तिथे जात विचारत नाहीत, असे मला अनेकांनी सांगितले आहे. खरेच आहे, विचारत नाहीत. पण संघ कोण कोणाबरोबर बांधतो, तयारीची पुस्तके कोणाच्या खोलीत फिरतात, या खेळाची बातमीच आधी कोणाला कळते, हे गुणपत्रिकेवर येत नाही. शिवाय नोकरीच्या जाहिरातीत मागितलेली खासगी प्रमाणपत्रे आहेतच. त्यांतल्या एका नामांकित परीक्षेचा शिकवणीसह खर्च आज लाखाच्या पुढे जातो. ऊसतोडीची उचल आणि हा आकडा यांची तुलना वाचकांनीच करावी.

उद्योगाला काय हवे आहे, हेही समजून घेऊ. त्याला प्रशिक्षित माणसे हवी आहेत, कारण भय खरे आहे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला आठवा. एटीएमच्या व्यवहारांना होकार-नकार देणारी यंत्रणा बाजूला सारून चोरांनी आपली खोटी यंत्रणा मध्ये बसवली. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. परदेशी बँकेत वळवलेली रक्कम धरून ९४ कोटींच्या वर रुपये गेले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. ते प्रामुख्याने एटीएमपुढे उभे राहून पैसे काढणारे होते. आज्ञावली लिहिणारे हाती लागले नाहीत. या गुन्ह्याच्या जगातही अंगमेहनत आणि बुद्धी यांची उतरंड आहे, आणि पकडला जातो तो खालचाच. आपल्या वस्तीतल्या पोरांना 'खाते वापरायला दे, पाच हजार मिळतील' असे सांगणारे दलाल फिरतात, तेव्हा हे त्यांना समजावून सांगितले पाहिजे. खातेदाराचे नाव पोलिसांच्या हाती सर्वांत आधी लागते.

मात्र उद्योग ज्याचे रक्षण करू पाहतो, ती त्याच्या गिऱ्हाइकाची मालमत्ता असते. चळवळीतल्या माणसाचा संगणक त्याच्या हिशेबात येत नाही. इथे विद्यापीठाचे दुसरे काम सुरू होते, आणि त्याबद्दल आपल्या कार्यकर्त्यांना फार थोडे माहीत आहे. टोरोंटो विद्यापीठात २००१ पासून 'सिटिझन लॅब' नावाची प्रयोगशाळा आहे. तिने अ‍ॅम्नेस्टीसह २०२० च्या जूनमध्ये दाखवून दिले की, भारतातल्या नऊ मानवी हक्क कार्यकर्त्यांना २०१९ मध्ये हेरगिरीची आज्ञावली दडवलेले ईमेल पाठवले गेले होते. त्यांतले आठ जण भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झालेल्यांच्या सुटकेची मागणी करणारे होते. याच प्रकरणातल्या एका आरोपीच्या संगणकात कागदपत्रे बाहेरून घुसवली गेली, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन कंपनीने २०२१ साली बचाव पक्षासाठी केलेल्या तपासणीनंतर काढला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही आणि न्यायनिवाडा न्यायालयाचा आहे. मी तो करत नाही. मला एवढेच दिसते की, आपल्या माणसाच्या संगणकात काय झाले हे तपासून घ्यायला टोरोंटोकडे आणि मॅसॅच्युसेट्सकडे पाहावे लागले. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठात, स्वतंत्रपणे, हे काम का होऊ नये?

आणि जातीच्या दाखल्याचे काय? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचे जे विधेयक २०१९ साली संसदेत आले होते, त्यात जात आणि जमात यांची गणना 'संवेदनशील' माहितीत केली होती. तिला जादा संरक्षण होते. २०२३ साली जो कायदा झाला, त्यातून संवेदनशील माहिती हा वर्गच वगळण्यात आला. खात्याचा क्रमांक फुटला तर बँक तो बदलून देते. जात फुटली तर काय बदलून देणार? आपल्याकडच्या विचारवंतांनी या बदलावर फारसे लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. संगणकाचा विषय म्हणून आपण तो सोडून दिला असावा.

१९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणाची सोय मागितली होती. निव्वळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. ते स्वतः अर्थशास्त्री आणि कायदेपंडित असताना त्यांनी हे म्हणावे, याचा मला नेहमी अचंबा वाटतो. आपण त्यांचे ग्रंथ वाचतो. या मागणीचा पाठपुरावा मात्र कवितेच्या मानाने फार कमी केला. कवितेवर माझा राग नाही, मीही दोन-चार केल्या आहेत.

पुण्याहून परतल्यावर आम्ही एक छोटी गोष्ट केली. मोडीत काढलेले सहा संगणक दुरुस्त करून घेतले आणि बाहेरच्या जाळ्याशी त्यांचा संबंध तोडून टाकला. 'ओवॅस्प'नेच 'ज्यूस शॉप' नावाची एक आज्ञावली फुकट उपलब्ध करून दिली आहे. फळांचे रस विकणारे हे खोटे दुकान, अंगभर दोष असलेले, फोडण्यासाठीच बनवलेले. ते आपल्याच संगणकावर चालते, त्यामुळे परवानगी आपलीच. कार्नेगी मेलनची 'पिको-सीटीएफ' ही शिकाऊ स्पर्धाही २०१३ पासून आहे, तीही विनामूल्य. तिचे प्रश्न मुलांनी मराठीत उतरवायला घेतले आहेत. शहरातल्या एका कंपनीतला आमचाच एक जुना विद्यार्थी महिन्यातून एकदा रविवारी येतो, स्वतःच्या खर्चाने. या सहकार्याला करारपत्र नाही आणि उद्घाटनाची फीतही नाही.

ज्यूस शॉपमधला एक सुरुवातीचा धडा दुसऱ्या गिऱ्हाइकाची टोपली उघडून पाहण्याचा आहे. आकडा बदलायचा की झाले. गेल्या दिवाळीत, शिक्षण सोडून गेलेला तो मुलगा गावी आला होता. आता तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. मी त्याला रविवारी बोलावून घेतले आणि संगणकापुढे बसवून हा धडा दाखवला. त्याने पत्त्याच्या पट्टीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "सर, याची परवानगी लेखी आहे का?"

प्राचार्यांच्या सहीचे पत्र मी भिंतीवर डकवून ठेवलेले होते. तो उठला, त्याने ते दोनदा वाचले, आणि मग कळफलक पुढे ओढला.